कॅम्पर ट्रेलरमधला गॅसवरचा फ्रिज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पर ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. त्यातल्या गॅसच्या फ्रिजबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी मांडले आहेत. बहुतेकांची सुरुवात ‘पेटत नाही’ नाहीतर ‘गार करत नाही’ अशी असते. बऱ्याचदा दोष फ्रिजमध्ये नसतोच, तो जिथे आणि जसा उभा आहे तिथे असतो. याला यंत्र समजण्यापेक्षा चूल समजा, म्हणजे त्याची अर्धी नाटकं आपोआप उलगडतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत इथल्यापेक्षा वेगळं लिहिलं असेल, तर पुस्तिकेचं ऐका.

१. आत ज्योत पेटते आणि फ्रिज गार होतो, हे कसं काय?

घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर वायू दाबत असतो. इथे कॉम्प्रेसर नाही, पंप नाही. गारवा तयार करणाऱ्या भागात हलणारं काहीच नाही. मागे बंद नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे कोंडलेले असतात. खालचा बॉयलर तापला की अमोनिया मिसळलेलं पाणी उकळतं आणि बुडबुडे ते वर ढकलतात. सुटलेली अमोनियाची वाफ माथ्यावरच्या नळ्यांत जाऊन निवते, तिचा द्रव होतो आणि तो फ्रीझरमागच्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन असतो. त्याच्या सोबतीने अमोनिया अगदी कमी तापमानालाही भराभर उडतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता फ्रिजच्या आतून ओढून घेतो. हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं, तसंच. पुढे पाणी तो अमोनिया शोषून घेतं, हायड्रोजन परत वर जातो आणि फेरा चालू राहतो.

म्हणजे सगळी कामगिरी उष्णतेची आणि गुरुत्वाकर्षणाची. हे लक्षात ठेवा, खालच्या अनेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

ही रचना १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी काढली. आइन्स्टाइन आणि लिओ सिलार्ड यांनीही हलता भाग नसलेल्या एका फ्रिजचं अमेरिकी पेटंट १९३० साली मिळवलं होतं. पण ट्रेलरमध्ये जाऊन बसला तो त्या दोन विद्यार्थ्यांचाच फ्रिज.

२. ‘टू-वे’ आणि ‘थ्री-वे’ म्हणजे काय?

बॉयलर कशाकशाने तापवता येतो, एवढंच. टू-वे म्हणजे गॅस आणि मेन्सची वीज. थ्री-वेमध्ये त्याखेरीज १२ व्होल्टची बॅटरी. वीज वापरली तरी ती मोटर फिरवत नाही, इस्त्रीत असते तशी हीटरची कांडी तापवते. नळ्यांतला फेरा तिन्ही वेळी तोच.

३. सहलीला निघण्याआधी फ्रिज कधी चालू करू?

आदल्या संध्याकाळी. मेन्सची सोय असेल तर विजेवर, नसेल तर गॅसवर, पण रिकामा आणि रात्रभर. सकाळी माल भरायचा तोसुद्धा घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार केलेला. हा फ्रिज गारवा टिकवण्यात पटाईत आणि गार करण्यात मंद. खोलीच्या तापमानाला असलेल्या बाटल्यांनी तो एकदम भरला, तर पुढचा दीड दिवस तो त्यांच्यामागेच लागतो.

४. चालू करून दोन तास झाले, आत अजून कोमटच. बिघडलाय का?

नाही. पहिला तासभर तर हाताला काहीच जाणवत नाही, कारण आधी बॉयलर तापायला हवा. फ्रीझरच्या पत्र्याला चार-पाच तासांत स्पष्ट गारवा लागायला हवा. बारा तासांनंतरही तो लागला नाही, तर काळजी करा आणि प्रश्न ६, १२ आणि १८ या क्रमाने तपासा. अधीर होऊन दर अर्ध्या तासाने दार उघडून बघणं हे मात्र ‘गार का होत नाही’चं एक खरंखुरं कारण आहे.

५. गॅस किती लागतो?

लहान, एका दाराचा फ्रिज दिवसाला साधारण २५० ते ४०० ग्रॅम प्रोपेन घेतो. म्हणजे ९ किलोचा सिलिंडर एकट्या फ्रिजला तीन-चार आठवडे पुरतो. मोठा दोन दारांचा फ्रिज कडक उन्हात दिवसाला अर्धा किलोच्या वर जातो. एकाच सिलिंडरवर पाणी तापवणं आणि हीटरही असेल, तर गॅस संपवणारे तेच. फ्रिजवर उगाच आळ येतो.

६. ट्रेलर सपाट उभा करा म्हणतात. किती सपाट?

जुन्या मॉडेलांसाठी सांगितला जाणारा हिशोब असा: फ्रिजच्या डाव्या-उजव्या बाजूला ३ अंशांपर्यंत आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंत चालतं. ३ अंश म्हणजे एका मीटरला सुमारे ५ सेंटिमीटर उतार. नवे फ्रिज याहून थोडं जास्त सोसतात. रात्री झोपल्यावर डोक्याकडे रक्त उतरतंय असं वाटत असेल, तर तो उतार फ्रिजलाही झेपणारा नाही.

यात एक गोम आहे. डावं-उजवं हे फ्रिजचं, ट्रेलरचं नव्हे. फ्रिज बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसवलेला असेल, तर त्याचं डावं-उजवं म्हणजे ट्रेलरचं पुढचं-मागचं. मी स्वतः पहिले दोन उन्हाळे नेमकी उलटी बाजू काटेकोर सपाट करत होतो आणि गार न होणाऱ्या फ्रिजला दोष देत होतो. तेव्हा पाणसळ ट्रेलरच्या जमिनीवर ठेवू नका, फ्रीझरच्या तळाशी ठेवा, एकदा आडवी आणि एकदा उभी.

तिरपा उभा राहिला तर नेमकं काय होतं? नळ्यांतला द्रव उताराने परत यायला हवा, तो मध्येच साचतो. बॉयलर कोरडा पडून अति तापतो. नळ्या गंजू नयेत म्हणून त्या द्रवात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, त्याचे खडे बनून वाट बुजायला लागते. हे नुकसान भरून येत नाही आणि दर खेपेला थोडं थोडं साठत जातं. म्हणून ‘मागच्या वर्षी असाच उभा केला होता, काही झालं नाही’ यावर विसंबू नका.

७. मग चालत्या गाडीत चढ-उतार, वळणं असतात, त्याचं काय?

त्याने बिघडत नाही. गाडी हलती असली की द्रव सतत डचमळत राहतो, एका जागी साचत नाही. धोका तिरप्या जागी उभं राहून फ्रिज चालू ठेवण्यात आहे. रस्त्याकडेला उतारावर तासभर थांबणार असाल तर फ्रिज बंद करा. दार उघडलं नाही तर तेवढ्या वेळात आतलं काही खराब होत नाही.

८. प्रवासात गॅस चालू ठेवावा का?

माझं उत्तर: नाही. काही ठिकाणी कायद्यानेच बंदी आहे, काही ठिकाणी सिलिंडरवर नळी तुटल्यास किंवा अपघात झाल्यास गॅस आपोआप तोडणारा सुरक्षा रेग्युलेटर असेल तरच मुभा आहे. अनेक बोगद्यांचे आणि फेरी बोटींचे स्वतःचे नियम असतात. जिथून जाणार तिथला नियम निघण्याआधी पाहून घ्या.

नियम मोकळा असला तरी चालत्या वाऱ्यात ज्योत फडफडते, विझते. थ्री-वे असेल तर प्रवासात १२ व्होल्ट, त्यासाठीच ते दिलेलं असतं. टू-वे असेल तर आत बर्फाच्या पिशव्या ठेवून फ्रिज बंद. नीट गार झालेला आणि भरलेला फ्रिज चार-पाच तास आरामात काढतो.

पेट्रोल पंपावर शिरण्याआधी मात्र ज्योत विझलेलीच हवी, याला अपवाद नाही. ‘ऑटो’वर, म्हणजे गॅस की वीज हे फ्रिजलाच ठरवू देणाऱ्या बटणावर, ठेवणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. इंजिन बंद झालं की १२ व्होल्टचा पुरवठा थांबतो आणि फ्रिज शहाणपणा करून स्वतःच गॅस पेटवायला निघतो, तोही नेमका पंपाशेजारी. काही मॉडेल त्याआधी १५ मिनिटं थांबतात, सगळी नाही. पंपाच्या अलीकडेच फ्रिज बंद करण्याची सवय लावून घ्या.

९. थांबल्यावर रात्रभर १२ व्होल्टवर चालवला तर?

सकाळी बॅटरी उतरलेली असेल. लहान थ्री-वे फ्रिजचा १२ व्होल्टचा हीटर साधारण १२० वॅटचा, म्हणजे १० अँपिअर. आणि तो बहुतेक मॉडेलांत थर्मोस्टॅटने तुटत नाही, अखंड चालतो. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात. ते पाच तासांत संपले. ओढणाऱ्या गाडीचं इंजिन चालू असेपर्यंतच १२ व्होल्ट वापरा. जोडणीत मधे रिले, म्हणजे इंजिन बंद होताच वीज तोडणारा स्विच, नसेल, तर थांबल्यावर हाच फ्रिज गाडीची बॅटरीही पिऊन टाकतो.

१०. प्रवासात १२ व्होल्टवर होता, तरी पोहोचेपर्यंत आतलं कोमट झालं. का?

बारीक वायर. गाडीच्या बॅटरीपासून मागे फ्रिजपर्यंत बरंच अंतर असतं आणि वाटेत व्होल्ट गळतात. हीटरची ताकद व्होल्टच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून गळती दिसते त्याहून जास्त महागात पडते. १२ ऐवजी १०.५ व्होल्ट पोहोचले, तर ताकद जवळजवळ पाव हिश्शाने घटते. इंजिन चालू ठेवून फ्रिजच्या मागच्या जोडणीवरच मीटर लावा. जाड वायर टाकली की फरक पडतो.

तरीही १२ व्होल्टवर हा फ्रिज आहे तो गारवा राखतो, नव्याने फारसा कमावत नाही.

११. गॅसवर लावलाय, तरी बॅटरी उतरली की बंद पडतो. गॅसला वीज कशाला?

तुमचं मॉडेल इलेक्ट्रॉनिक आहे. ठिणगी टाकणं, गॅसची झडप उघडी धरणं, ज्योतीवर नजर ठेवणं ही कामं त्याचं कंट्रोल बोर्ड करतं. त्याला थोडीच पण अखंड १२ व्होल्टची वीज लागते. काही फ्रिजांत दाराच्या चौकटीवर ओल धरू नये म्हणून बारीक हीटर असतो. तो बंद करायचं बटण असेल तर गरज नसताना बंद ठेवा, बॅटरी वाचते. नॉब दाबून पेटवायच्या जुन्या मॉडेलांना यातलं काहीच लागत नाही. कुठेतरी आडजागी महिनाभर राहायचं तर मी जुनंच निवडेन.

१२. उन्हाळ्यात फ्रिज हात टेकतो. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

या फ्रिजला आतली उष्णता मागच्या नळ्यांवाटे बाहेर टाकायची असते. त्यासाठी भिंतीत खाली एक जाळी असते आणि वर दुसरी, किंवा छतावर धुराडं. खालून गार हवा शिरते, नळ्यांवरून तापत वर चढते आणि निघून जाते. पंखा नाही, नुसता चुलीसारखा ओढा. हा ओढा जिथे अडतो तिथे गारवा अडतो. नव्या कारखानी ट्रेलरमध्येसुद्धा फ्रिज आणि मागची भिंत यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी सोडलेली आढळते. त्या पोकळीत हवा नळ्यांना न शिवताच वर निघून जाते. ही फट पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत, बहुतेकदा २५ मिलिमीटरच्या आत, आणायची. त्यासाठी पत्र्याचा आडोसा असा बसवायचा की हवा नळ्यांमधूनच जाईल. कागद, थर्माकोल, फडकं असलं काही तिथे कोंबू नका, खाली ज्योत आहे. फ्रिजच्या माथ्यावर हवा कोंडून राहायला कोनाडा राहिला असेल, तर तोही तिरप्या पत्र्याने बुजवा.

एवढ्याने भागलं नाही तर वरच्या जाळीशी १२ व्होल्टचे लहान पंखे बसवतात, थर्मोस्टॅट लावून. हवा बाहेर ओढणारे हवेत. खाली ज्योतीकडे फुंकणारे पंखे तिला विझवतात. ट्रेलर उभा करताना फ्रिजची बाजू दुपारच्या उन्हात येणार नाही असं पाहा. हा उपाय फुकटचा आहे आणि पंख्याइतकाच कामाचा.

आणि फ्रिजला स्वतःची मर्यादा असते. आतल्या पाटीवर हवामानाची श्रेणी लिहिलेली असते: ‘एन’ म्हणजे ३२ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ पर्यंत. एन श्रेणीच्या फ्रिजला ४० अंशांत दूध गार ठेवायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

१३. फ्रीझरमध्ये सगळं दगड होतं, खाली मात्र गार नाही. थर्मोस्टॅट गेला का?

आधी आतले पंख, म्हणजे खालच्या कप्प्यातली अ‍ॅल्युमिनियमची उभी पाती, पाहा. त्यांवर बर्फ साचला असेल तर खालच्या कप्प्याचा गारवा तिथेच अडतो. बंद करा, बर्फ वितळू द्या, पुसून घ्या. सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं तर काय होतं ते प्रश्न २० मध्ये आहे.

बर्फ नसेल तर माल खच्चून भरलाय का ते पाहा. हवा खेळायला जागा हवी आणि पंखांना काही टेकलेलं नको. बॅटरीवरचा छोटा पंखा आत ठेवला तर वर-खालचा फरक चांगलाच कमी होतो. काही मॉडेलांत पंखांवर चिमट्याने तापमानाचा सेन्सर अडकवलेला असतो, तो वर-खाली सरकवून गारवा कमी-जास्त होतो. हवा ओलसर असली की पंखांवर बर्फ लवकर धरतो, म्हणून ओला, वाफाळता माल झाकून ठेवा.

१४. कडाक्याच्या थंडीतही फ्रिज नीट चालत नाही, हे कसं?

मागच्या नळ्याच इतक्या गारठतात की फेरा मंदावतो. बाहेर १० अंशांच्या खाली गेलं की जाळ्यांवर बसवायची हिवाळी झाकणं मिळतात, ती लावायची आणि ऊन तापलं की आठवणीने काढायची. जळलेला वायू बाहेर पडतो ते तोंड कधीही झाकायचं नाही. काही ट्रेलरमध्ये ते वरच्या जाळीतच असतं.

थंडीत दुसरी अडचण सिलिंडरची. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होतो, ब्युटेन शून्याच्या आसपासच हटून बसतो. मिश्र गॅसच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आधी जळून जातो आणि तळाशी ब्युटेनच उरतो. सिलिंडर जड लागतो, पण ज्योत मरते. हिवाळ्यात निव्वळ प्रोपेन घ्या.

१५. डोंगरात उंचावर गेलो की पेटतच नाही.

हवा विरळ होते, ज्योतीला प्राणवायू कमी पडतो, मागच्या नळ्याही नीट निवत नाहीत. १००० मीटरच्या वर काही फ्रिज कुरकुरायला लागतात, काही त्याहून बरंच वर जाईपर्यंत तक्रार करत नाहीत. विजेची सोय असेल तर वरचे दिवस विजेवर काढा. जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) मोठं करणं, रेग्युलेटरचा दाब फिरवणं असले उपाय करू नका. खाली उतरल्यावर तेच अंगाशी येतात.

१६. ज्योत पेटते, पण नॉब सोडला की विझते.

हे जुन्या, हाताने पेटवायच्या मॉडेलांचं दुखणं. ज्योतीत थर्मोकपलचं टोक असतं. ते तापलं की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की टोक निवतं आणि गॅस तुटतो.

म्हणून पेटल्यावर नॉब आणखी १५ ते ३० सेकंद दाबून धरा, नवखे फार लवकर सोडतात. त्याने भागलं नाही तर टोक नीट ज्योतीत आहे का आणि त्यावर काजळी आहे का ते पाहा, मागची जोडणी हाताने घट्ट करा. तरीही नाही जमलं तर थर्मोकपल बदला. तो स्वस्त भाग आहे. थर्मोकपलला वळसा देऊन झडप कायमची उघडी ठेवणाऱ्या ‘जुगाडा’ला हातही लावू नका. ज्योत विझल्यावरही गॅस वाहतच राहील.

१७. टिकटिक ऐकू येते, पण पेटत नाही आणि लाल दिवा लागतो.

सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा भरलेली आहे. आधी शेगडी पेटवा, ज्योत स्थिर झाली की फ्रिज पुन्हा लावा. ठरावीक प्रयत्न फसले की बोर्ड स्वतःला कुलूप लावून घेतं; फ्रिज बंद करून पुन्हा चालू केला की ते उघडतं.

शेगडीच मंद असेल तर दोष रेग्युलेटरमध्ये किंवा सिलिंडरमध्ये. सिलिंडरची झडप झटक्यात उघडली तर काही जोडण्या ‘गळती आहे’ असं समजून प्रवाह आवळतात. झडप बंद करा, थोडं थांबा, मग हळूहळू उघडा. शेगडी उत्तम आणि फ्रिजच पेटत नसेल, तर पुढचा प्रश्न.

१८. विजेवर झकास चालतो, गॅसवर मात्र ढ.

मग नळ्यांचं जाळं ठणठणीत आहे आणि दोष ज्योतीपाशीच आहे. ही खरं तर चांगली बातमी.

ज्योत निळी, धारदार आणि हलका सूंसूं आवाज करणारी हवी. पिवळी, लवलवणारी असेल तर हवा कमी पडतेय: बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं, कुंभारमाशीचं मातीचं घर, गंजाचे पापुद्रे. ट्रेलर महिनोन्महिने उभा राहिला की हे हमखास घडतं. गॅस बंद करून सगळं गार होऊ द्या. धुराड्यातली पिळाची पट्टी वर काढा आणि नळी तिच्या मापाच्या ब्रशने झाडा. काजळी बर्नरवर पडेल, म्हणून बर्नर आधी काढून ठेवा किंवा झाका. जेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचं आणि वाळू द्यायचं. सुई किंवा तार घालायची नाही, भोक जराही मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. पट्टी पूर्वी होती त्याच उंचीवर परत टांगा. ती विसरली तर उष्णता बॉयलरला न देताच वर निघून जाते. शेवटी प्रत्येक जोड साबणाच्या फेसाने तपासा.

हे वर्षातून एकदा करायचं काम आहे. गॅसच्या जोडण्या खोलायची सवय नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

उलट प्रकार, म्हणजे गॅसवर चालतो आणि विजेवर नाही, असा असेल तर हीटरची कांडी, फ्यूज किंवा वायर गेली आहे. आणि कशावरच नाही, पण बॉयलर तापतोय, असं असेल तर प्रश्न २० आणि २१.

१९. कार्बन मोनॉक्साइडचा धोका खरंच असतो का?

असतो. पिवळी ज्योत आणि काजळी ही त्याची पूर्वसूचना. अमेरिकेत १९३३ ते १९५७ दरम्यान बनलेल्या सर्व्हेल गॅस फ्रिजांमुळे घरांत मृत्यू झाले आणि तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला ते वापरू नका असं सांगावं लागलं. तत्त्व हेच, फक्त ते फ्रिज घरातल्या खोलीत जळत होते.

ट्रेलरमध्ये फ्रिजची मागची खोबण राहत्या भागापासून पूर्ण बंद असायला हवी. खाली-वर जिथे फट दिसेल तिथे उष्णता सोसणारं सील हवं. पेटलेल्या फ्रिजमागचा वास आत येत असेल, तर सील गेलंय. अलार्म दोन हवेत. कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ. गॅसगळतीचा जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो आणि खाली साचतो. छताजवळ लावलेला गॅसचा अलार्म म्हणजे नुसती शोभा.

२०. अमोनियासारखा उग्र वास येतो आणि मागे पिवळी पूड दिसते.

नळी फुटली. गॅस आणि वीज दोन्ही बंद करा, दारं-खिडक्या आणि छताचा झरोका उघडा, बाहेर पडा. अमोनिया डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतो, सोबत सुटणारा हायड्रोजन पेट घेतो. पिवळी पूड म्हणजे ते सोडियम क्रोमेट, विषारी आणि कर्करोगकारक. उघड्या हाताने पुसू नका. वास गेला म्हणून पुन्हा पेटवायचाही नाही: नळ्या रिकाम्या झाल्या आहेत आणि ज्योत आता कोरडा पत्रा तापवणार.

याला गॅस भरून दुरुस्ती नसते. नळ्यांचं अख्खं जाळं बदलायचं, नाहीतर फ्रिज. त्याआधी सीरियल नंबरवरून कंपनीने ते मॉडेल परत मागवलं होतं का, ते पाहून घ्या.

२१. फ्रिज काढून उलटा ठेवला की सुधारतो म्हणतात, खरं का?

कधीकधी. बराच काळ पडून राहिलेल्या किंवा आडवा वाहून नेलेल्या फ्रिजमध्ये द्रव भलत्या नळीत अडकलेला असतो. दिवसभर उलटा ठेवून मग सुलटा करून पुरेसा वेळ उभा ठेवला, तर तो वाटेला लागतो. क्रोमेटचे खडे अडकले असतील तर मात्र हा उपाय महिनाभराची आशा विकत घेतो, आयुष्य नव्हे.

एवढी उस्तवार करण्याआधी सोपी चाचणी घ्या. फ्रिज नीट सपाट असताना मेन्सवर बारा तास चालवा आणि मागे हात लावून पाहा. बॉयलरला मात्र हात लावू नका, तो भाजतो. बॉयलर तापलेला आणि खालच्या वेटोळ्या नळ्या उबदार असतील, तर फेरा चालू आहे. बॉयलर तापलेला आणि बाकी सगळं थंडगार असेल, तर वाट बुजली आहे.

२२. मागून गुडगुड आवाज येतो.

येऊ द्या. बुडबुडे द्रव वर ढकलताहेत.

२३. सोलर आणि इन्व्हर्टर बसवलाय. गॅस बंद करून फ्रिज त्यावर चालवू का?

चालेल, पण हिशोब करून पाहा. १२० वॅटचा हीटर अखंड चालला तर दिवसाला जवळपास ३ युनिट वीज. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात अर्धा युनिटभर देतं. मोठ्या फ्रिजचा ३०० वॅटचा मेन्सचा हीटर इन्व्हर्टरवरून चालवाल तर बॅटरीतून २५ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढला जाईल. उष्णता बनवायला वीज वापरणं ही सगळ्यात महाग वाट.

सोलरवर चालवायचाच असेल तर कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रिज घ्या. त्याला तिरपेपणाचं फारसं वावडं नाही, उन्हात तो जास्त भरवशाचा आणि दिवसाला विजेचा खर्च थोडकाच. दाट झाडीखाली, ऊन नाही, प्लग नाही अशा जागी आठवडेच्या आठवडे राहणाऱ्याला मात्र गॅससारखं काही नाही. आणि रात्री तो गप्प असतो.

२४. लवकर गार व्हावा म्हणून गॅस आणि वीज एकदम चालू केली तर?

इलेक्ट्रॉनिक मॉडेल करूच देत नाही. जुन्यात हाताने करता येतं, म्हणूनच सांगतो: करू नका. बॉयलर ठरावीक उष्णतेसाठी बनलेला असतो. ती दुप्पट केली की फेरा वेगाने फिरत नाही, विस्कटतो. पाण्याची वाफही अमोनियाबरोबर वर जाते आणि गारवा उलट कमी होतो. शिवाय प्रश्न ६ मधलं क्रोमेटचं संकट ओढवतं.

२५. हंगाम संपला. फ्रिज कसा ठेवू?

सिलिंडर बंद, आतून कोरडा पुसलेला, दार खिटी लावून बोटभर उघडं. बंद दारामागे आठवडाभरात बुरशी येते आणि तो वास पुढच्या हंगामापर्यंत निघत नाही. जाळ्यांना बारीक स्टीलची जाळी लावली तर कोळी आणि माश्या लांब राहतात. मात्र ती वेळोवेळी झाडा, धुळीने बुजली तर प्रश्न १२ चं सगळं मुसळ केरात.

२६. ट्रेलर मोडीत काढला, फ्रिज चांगला आहे. तो शेडमध्ये किंवा तंबूत गॅसवर वापरू का?

गॅसवर नाही. ट्रेलरमध्ये ज्या बंद खोबणीतून आणि दोन जाळ्यांतून जळलेला वायू बाहेर जात होता, ती सोय ट्रेलरबरोबरच गेली. खोलीत ठेवलात तर प्रश्न १९ तुमच्या उशाशी आला. मेन्सच्या विजेवर वापरायला हरकत नाही: सपाट जमिनीवर, मागे आणि वर हवेला मोकळी जागा सोडून. बर्नरची नळी काढून तोंडाला बूच बसवा, म्हणजे पुढे कोणी सिलिंडर जोडायला जाणार नाही.